ओहोटीला प्रवाळ उचलून आणा म्हणे!

'घरच्या घरी कोरलचा बगीचा, खर्च शून्य' हा व्हिडिओ आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर फिरत होता तेव्हा मी गप्प बसले. पण काल कणकवलीहून भाच्याचा मेसेज आला: "मावशी, तुझ्या न्यू जर्सीच्या प्रवाळाच्या टाकीसारखी टाकी मी पण करतोय. रविवारी मालवणहून दगड आणू ना?" आता गप्प बसणं शक्य नाही.

व्हिडिओतला पहिलाच सल्ला असा: ओहोटीला उघडं पडलेलं प्रवाळ उपटून आणा, तो नुसता दगड असतो.

दगड? रात्री दिवे मालवून थोड्या वेळाने टाकीवर मंद उजेड धरला, की प्रत्येक खळग्यातून पारदर्शक बोटांसारखी स्पर्शकं बाहेर आलेली दिसतात. कोलंबीचा कण लागला की ती आत वळतात आणि कण मधल्या तोंडात जातो. हा प्राणी आहे. खालचा 'दगड' हा त्याने स्वतः घडवलेला सांगाडा, आणि पोराइटिससारख्या गोलसर प्रवाळात तो वर्षाला जेमतेम 1 सेंटिमीटर वाढतो. नारळाएवढा गोळा म्हणजे कित्येक वर्षांची वाढ, आणि हा माणूस ती स्क्रू-ड्रायव्हरने उचकटून दाखवतो!

वर म्हणतो, 'कायद्याचं काही नसतं.' वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 ची अनुसूची 1 उघडून वाचा. 2001 पासून दगडी प्रवाळं तिच्यात आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. शिक्षा 3 ते 7 वर्षं कैद, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर किमान 25,000 रुपये दंड. शिवाय मालवणला 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. माझ्या टाकीत जे आहे ते इथल्या हौशी लोकांच्या टाक्यांत वाढलेल्या प्रवाळांचे तुकडे आहेत, समुद्रातून उपटलेलं एकही नाही.

दुसरा सल्ला: 'आठवड्याला चमचाभर पानाचा चुना टाका, कॅल्शियम मिळतं.' यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. सांगाड्यासाठी कॅल्शियम आणि कार्बोनेट दोन्ही लागतात आणि चुन्याच्या निवळीने दोन्ही भागतात. जगभर हौशी लोक ती वापरतात, मीही वापरते. पण निवळी! चुना शुद्ध हवा, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं स्वच्छ पाणी घ्यायचं आणि बाष्पीभवनाने जेवढं पाणी उडतं तेवढंच, थेंब थेंब, शक्यतो रात्री सोडायचं. निवळीचा पीएच 12 च्या वर, टाकीचा 8.2 च्या आसपास. चमचाभर चुना थेट ओतलात तर पीएच उसळतो, पाणी दुधाळ होतं, असलेलं कॅल्शियम आणि कार्बोनेटही पांढरा गाळ होऊन खाली बसतं. शेजारचं प्रवाळ भाजून निघतं ते वेगळंच.

टाकीचं खारं पाणी करायला खडेमीठ चालतं, हेही खोटं. मिठागरात कॅल्शियमचा बराचसा भाग मिठाच्या आधीच जिप्सम होऊन बसतो आणि मॅग्नेशियम उरलेल्या कडू पाण्याबरोबर निघून जातं. प्रवाळाला साधारण 420 पीपीएम (पाण्याच्या दहा लाख भागांत 420) कॅल्शियम आणि 1,300 च्या आसपास मॅग्नेशियम लागतं. खडेमिठात ते कुठून येणार?

घरातल्या साध्या ट्यूबलाइटवरही भागत नाही. प्रवाळाच्या अंगातलं शेवाळ उजेडावर अन्न करतं आणि बहुतेक पोट त्यावरच भरतं.

आणि शेवटचं ऐकून तर मला रडू आलं: 'पांढरंशुभ्र झालं की समजा कोरल पूर्ण फुललं.' पांढरं झालं म्हणजे ते शेवाळ निघून गेलं. प्रवाळ उपाशी आहे, सावरलं नाही तर मरणार. सवयीच्या कमाल तापमानापेक्षा 1 अंश जास्त काही आठवडे टिकलं तरी समुद्रातसुद्धा हे होतं. मे महिन्यात पाणी थंड ठेवणाऱ्या चिलरशिवाय कणकवलीच्या घरात काय होईल?

तेव्हा बाळा, रविवारी मालवणला जरूर जा, पाण्याखाली बघायचा मास्क लावून प्रवाळ बघ, त्यावर पाय देऊ नकोस. टाकी गोड्या पाण्याची कर. पंप आणि दिव्याचे पैसे मी पाठवते.