ते पाच जीबी कोणाच्या खिशात?

मी सर्व्हर रिस्टार्ट केला नाही. सर्व्हिस, म्हणजे त्यावर चालणारा एक प्रोग्रॅम, रिस्टार्ट केली. हा फरक कालपासून मी सात जणांना समजावून सांगितलाय आणि सातही जण "हो, हो, तेच ते" म्हणून मोकळे झालेत. तेच ते नाही हो! एका खोलीतला दिवा मालवणं आणि अख्ख्या इमारतीचा फ्यूज काढणं, यात काही फरक आहे की नाही?

घडलं ते थोडक्यात सांगतो. महिनाअखेर, पगाराचं काम चालू, आणि सर्व्हरची डिस्क भरली. लॉगिन करून, कमांड आपोआप पूर्ण व्हावी म्हणून सवयीने टॅब दाबला, तर 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. म्हणजे टॅब दाबण्यापुरतीही जागा नाही. डिस्क किती भरली ते सांगणारी डीएफ कमांड मारली: १०० टक्के. शोधत गेलो तर एक लॉग फाइल, म्हणजे प्रोग्रॅमची रोजनिशी, फुगून ४१ जीबीची झालेली. कुणीतरी बारीकसारीक सगळं नोंदवणारा डीबग मोड चालू ठेवून नोकरी सोडून गेला होता आणि जुने लॉग छाटणाऱ्या लॉगरोटेटमध्ये या फाइलचं नाव घालायचं राहिलं होतं. ते कोणाकडून राहिलं हा प्रश्न इथे अप्रस्तुत आहे.

फाइल उडवायची कमांड, आरएम, मारली. फाइल गेली. पुन्हा डीएफ मारलं. १०० टक्के.

तेवढ्यात मानेवर श्वास जाणवला. अकाउंट्सचे काका.

टर्मिनलसमोर बसलेल्या माणसाच्या पाठीशी उभं राहायला कायद्याने बंदी हवी. एकटा असतो तेव्हा माझी बोटं झरझर चालतात, मागे कोणी आलं की स्वतःचं नावसुद्धा चुकतं. त्यात आमच्या लिनक्सवर, विशेष अधिकार मिळवून देणाऱ्या सुडो कमांडचा पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, साध्या चांदण्याही नाहीत. माझा पासवर्ड दोनदा चुकल्यावर काका हळहळून म्हणाले, "अरे, तुझा कीबोर्ड बंद पडलाय."

"चालू आहे काका. दिसत नाही एवढंच."

"दिसत नाही तर चालू आहे कशावरून? बंद करून चालू कर. सगळंच."

इथे माझं चुकलं. गप्प बसायला हवं होतं. पण मी खुर्ची वळवून त्यांना व्याख्यान दिलं, की काका, हा काही घरचा कॉम्प्युटर नव्हे, हा लिनक्स सर्व्हर आहे, ४१२ दिवस एकदाही न थांबता चालू आहे. (४१२ दिवस रिबूट नाही याचा अर्थ तेवढे दिवस कर्नलचे, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचे, दुरुस्तीचे पॅचही लागू झालेले नाहीत. व्याख्यानात हा भाग मी गाळला.)

"वर्ष उलटून गेलं आणि एक रजा नाही?" काका म्हणाले. "बंद करून चालू कर."

मी डीयू लावलं. डीयू एकेक फोल्डर उघडून आतलं मोजत बसतं, त्याला वेळ लागतो. तेवढ्या वेळात काकांनी खिशातून चष्मा काढला आणि डीएफची ओळ वाचायला घेतली. आयुष्यभर लोकांची प्रवासभत्त्याची बिलं वाचलेला माणूस. आकडा दिसला की थांबतो.

"एकूण किती?"

"९८ जीबी."

"वापरले?"

"९३."

"शिल्लक?"

"शून्य."

"९८ वजा ९३ किती रे?"

मला घाम फुटला. खरं उत्तर सोपं आहे. ईएक्सटी४ फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडायची एक पद्धत) बनवताना ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवली जाते. डिस्क तुडुंब भरली तरी निदान रूटला हातपाय हलवता यावेत, म्हणून केलेली सोय. सोय चांगली आहे. पण ती अकाउंट्सच्या माणसाला समजावून सांगून बघा.

"ते पाच जीबी रूटसाठी राखीव असतात, काका."

"रूट म्हणजे कोण?"

"म्हणजे... सर्व्हरचा मुख्य. ज्याला सगळे अधिकार असतात तो."

"तो कोण आहे आपल्याकडे?"

"मी."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "म्हणजे लोकांचे पगार अडलेत, आणि पाच जीबी तू स्वतःसाठी बाजूला काढून ठेवलेस?"

"मी नाही काढले, आपोआप निघतात!"

"आपोआप निघतात," काका सावकाश म्हणाले. हे वाक्य त्यांनी आजवर किती जणांच्या तोंडून ऐकलं असेल, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "याला मंजुरी कोणाची?"

१९९१ साली लिनक्सचा जनक लिनस टॉरवाल्ड्सने जाहीर केलं होतं, की मी एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय, फक्त छंद म्हणून. त्याच्या छंदाला कोणी मंजुरी विचारली नसणार. तो छंद निभावणाऱ्याला मात्र विचारतात.

तेवढ्यात डीयूचा आकडा आला: ५२. काकांनी तोंडी वजाबाकी केली. "ताळा जुळत नाहीये. एक वही म्हणते ९३, दुसरी म्हणते ५२. फरक ४१. मघाशी तू काढलीस ती फाइल केवढी होती?"

मी काही बोललो नाही. मला सगळं कळलं होतं, आणि त्यांच्याकडून कळलं होतं, हेच झोंबत होतं. लिनक्सवर फाइल उडवली म्हणजे फक्त तिचं नाव यादीतून जातं. एखाद्या प्रोसेसने, म्हणजे चालू प्रोग्रॅमने, ती उघडी धरून ठेवली असेल, तर सोडेपर्यंत जागा परत मिळत नाही. कोणती फाइल कोणी उघडी धरलीय ते दाखवणारं एलएसओएफ मारून बघितलं. पगाराच्याच सर्व्हिसने ती धरलेली, शेवटी 'डिलीटेड' असा शेरा. मी अर्धवट समजावलं न समजावलं, तोच काका म्हणाले, "कळलं. माणसाचं नाव मस्टरवरून काढलं, पण पगार चालूच."

इतकं नेमकं उदाहरण मला दहा वर्षांत सुचलेलं नाही.

आणि खरं तर अशी फाइल उडवायचीच नसते, जागच्या जागी रिकामी करायची असते. हे मला माहीत आहे. मी इतरांना शिकवतो! उडवल्यावरही प्रॉकमधून, म्हणजे चालू प्रोसेस दाखवणाऱ्या फोल्डरमधून, शिरून तिचं पोट रिकामं करता येतं, सर्व्हिसला धक्का न लावता. मी ती कमांड टाइप करतच होतो, तेवढ्यात साहेबांचा फोन आला. "काका म्हणतात रिस्टार्ट करायला हवं. मग अडलंय कुठे?"

केली रिस्टार्ट. सर्व्हिस. फक्त सर्व्हिस! डिस्क ५६ टक्क्यांवर आली, आणि काका आमच्या मजल्यावर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी आल्या आल्या सांगितलं होतं."

संध्याकाळी ऑफिसच्या ग्रुपवर साहेबांचा मेसेज: काकांच्या प्रसंगावधानामुळे पगार वेळेत झाले. खाली बावीस अंगठे. त्यातला एक माझा, टाकावाच लागतो. ४१२ दिवस सर्व्हर पडला नाही तेव्हा किती अंगठे आले होते? एकही नाही. न पडलेल्या सर्व्हरबद्दल कोण मेसेज टाकतो? रात्री दोनला उठून मी ज्या गोष्टी निस्तरल्या, त्या सकाळी घडल्याच नव्हत्या अशा दिसतात, आणि माझं काम नीट झालं की नेमकं हेच होतं.

आणि मोठी डिस्क मिळावी म्हणून मी चार महिन्यांपूर्वी अर्ज टाकला होता. तो परत आला होता. शेरा: 'जागा शिल्लक दिसते. तूर्त आवश्यकता नाही.' खाली काकांची सही.

आज सकाळी मी तोच अर्ज नव्या तारखेने त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला. कालचा प्रसंग ताजा आहे, आता तरी लगेच सही होईल, अशी माझी भाबडी समजूत. काकांनी तो नीट, शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. पेनाचं टोपण काढलं. पुन्हा बसवलं.

"देतो मंजुरी," ते म्हणाले. "पण आधी ते पाच जीबी वापरून संपव."