टायटॅनिकचा गंज, जीवाणू आणि 2030 चं भाकीत

एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो: ‘इतक्या खोल समुद्रात ऑक्सिजन नसतो, त्यामुळे टायटॅनिकला साधा गंज चढत नाही. हॅलोमोनास टायटॅनिकी नावाचा जीवाणू तिचं लोखंड खातो आहे. 2030 पर्यंत तो सगळं जहाज फस्त करेल आणि त्याला कोणी रोखू शकत नाही.’ जीवाणू खरा आहे, पण त्याच्याभोवती रचलेली गोष्ट चुकीची आहे.

‘खोल समुद्रात ऑक्सिजन नसतो.’ असतो. टायटॅनिक न्यूफाउंडलंडच्या आग्नेयेला सुमारे 3,800 मीटर खोल पडली आहे. तिथलं पाणी उत्तर अटलांटिकच्या थंड पृष्ठभागावरून खाली बुडालेलं असतं आणि विरघळलेला ऑक्सिजन सोबत घेऊन येतं. अवशेषांवर मासे आणि खेकडे फिरताना दिसतात, ते याच ऑक्सिजनवर जगतात. अतिथंडीमुळे गंजाचा वेग मंदावतो, पण तो थांबत नाही.

‘हॅलोमोनास लोखंड खातो.’ या जीवाणूची नवी प्रजाती म्हणून नोंद 2010 मध्ये झाली. नमुना मात्र 1991 मध्ये जहाजावरून आणलेल्या रस्टिकलचा होता. रस्टिकल म्हणजे पोलादावरून खाली लोंबणारे गंजाचे ठिसूळ, पोकळ झुबके. त्या शोधनिबंधातच हा जीवाणू ऑक्सिजनवर श्वसन करणारा आणि सेंद्रिय पदार्थांवर जगणारा असल्याचं लिहिलं आहे. म्हणजे लोखंड हे त्याचं अन्न नाही, आणि ऑक्सिजन नसेल तर तो तिथे नीट वाढणारही नाही. लोखंडापासून ऊर्जा मिळवणारे सागरी जीवाणू वेगळे आहेत, उदाहरणार्थ मॅरिप्रोफंडस. तेही पोलाद कुरतडत नाहीत, पाण्यात उतरलेल्या फेरस लोहाचं ऑक्सिडीकरण करतात.

मग जीवाणूंचा गंजाशी संबंध काय? संबंध आहे आणि तो मोठा आहे, म्हणूनच तो नीट सांगायला हवा. पोलादाचं गंजणं ही विद्युत-रासायनिक क्रिया आहे. एका जागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात आणि ते इलेक्ट्रॉन दुसऱ्या जागी कुणीतरी उचलतं. खुल्या पाण्यात हे काम मुख्यतः ऑक्सिजन करतो. रस्टिकलच्या किंवा जीवाणूंच्या बुळबुळीत थराच्या बाहेरच्या भागातले जीवाणू ऑक्सिजन संपवून टाकतात. आतल्या कोंदट जागेत ऑक्सिजनऐवजी सल्फेटवर श्वसन करणारे जीवाणू फोफावतात. त्यांना सल्फेटचा तुटवडा कधीच नसतो, कारण समुद्राच्या एक किलो पाण्यात ते सुमारे 2.7 ग्रॅम असतं. ते हायड्रोजन सल्फाइड तयार करतात आणि पोलादावर काळं आयर्न सल्फाइड साचतं. हे सल्फाइड वीज वाहून नेतं, त्यामुळे इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण आणखी सोपी होते. असे जीवाणू लोखंडाच्या पृष्ठभागावरचा हायड्रोजन वापरतात आणि त्यामुळे गंज वाढतो, हा विचार डच संशोधकांनी 1934 मध्येच मांडला होता. 2004 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवलेले काही सल्फेट-जीवाणू त्याहून पुढचे निघाले. केवळ हायड्रोजनवर ज्या वेगाचा खुलासा होत नाही, त्या वेगाने ते धातूकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतात. हे सगळं वेगवेगळ्या जीवाणूंच्या वस्तीचं काम आहे. काही जीवाणूंचे थर तर ऑक्सिजन अडवून गंज कमीही करतात. एकाच प्रजातीच्या माथी सारं मारणं म्हणजे ही रचनाच पुसून टाकणं.

‘2030 पर्यंत काही उरणार नाही.’ हे साल काही वर्षांपूर्वीच्या एका ढोबळ अंदाजातून आलं आणि पुढे वचनासारखं सांगितलं जाऊ लागलं. जहाज ढासळतंय यात शंका नाही. 2019 च्या मोहिमेत कॅप्टनच्या खोलीचा भाग कोसळलेला दिसला, 2024 मध्ये नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, कठड्याचा सुमारे साडेचार मीटरचा तुकडा गळून पडलेला दिसला. पण पातळ पत्रे आणि कठडे आधी जातात. सुमारे 25 मिलिमीटर जाडीचं तळाकडचं पोलाद, गाळात रुतलेली नाळ आणि अजस्र इंजिनं यांचं वेळापत्रक वेगळं आहे. कोसळणं आणि नाहीसं होणं एक नव्हे.

‘रोखता येत नाही’ हे वाक्य मला सर्वांत जास्त खटकतं, कारण ते निष्काळजीपणाला सबब पुरवतं. टायटॅनिकच्या अवशेषांना गंजापासून कोणी वाचवत नाही ही वेगळी बाब, पण समुद्रातलं पोलाद वाचवता येतं. मुंबई हायसारख्या तेलक्षेत्रातले पोलादी मनोरे कॅथोडिक संरक्षणावर उभे असतात. अ‍ॅल्युमिनियम किंवा जस्ताचे अ‍ॅनोड पोलादाऐवजी स्वतः झिजतात. पोलादाचा विद्युतदाब मोजून हे संरक्षण पुरेसं आहे का ते ठरवतात. सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड या संदर्भ इलेक्ट्रोडच्या मापाने एरवी उणे 0.80 व्होल्ट पुरतात. गाळात सल्फेट-जीवाणू असतील तर उणे 0.90 व्होल्ट राखावे लागतात. म्हणजे अभियंते जीवाणू गृहीत धरूनच आकडा ठरवतात.

बंदरांतल्या धक्क्यांच्या शीट पाइलवर, म्हणजे तळात ठोकलेल्या पोलादी पत्र्यांच्या भिंतीवर, मात्र लक्ष हवं. सर्वांत खालच्या ओहोटीच्या रेषेजवळ जीवाणूंमुळे होणारा वेगवान गंज वर्षाला अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पोलाद नेऊ शकतो. भर ओहोटीला नारिंगी डाग दिसला तर तो खरवडून पाहावा. खाली काळा चिखल आणि त्याच्याखाली चकचकीत, खड्डे पडलेलं पोलाद निघालं, तर उरलेली जाडी तत्काळ मोजून घ्यावी.