एकही ऑब्जेक्ट हातचा जाऊ न देण्याचे उपाय

ऑब्जेक्टिव्ह-सी या प्रोग्रामिंग भाषेत आयफोनचे ॲप लिहिणाऱ्याने मनाशी पहिली खूणगाठ बांधावी ती अशी, की मेमरी आपल्या बापाची नसून वापरणाऱ्याची आहे, सबब तिची चिंता त्याने करावी. समजा, आपण गंगापूर रोडवरील कार्यालयात बसून निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदारांसाठी हवामान आणि फवारणीचे वेळापत्रक दाखवणारी स्क्रीन तयार करीत आहात. फळछाटणीनंतर आभाळ भरून आले, की डाऊनी या रोगाच्या धास्तीने बागायतदार ही स्क्रीन दिवसभर उघडतो आणि मिटतो. मिटली म्हणजे ती संपली, असा त्याचा समज असतो. तो समज मोडू नये. स्क्रीन मात्र, म्हणजे तिचा मेमरीतला ऑब्जेक्ट (माहिती आणि कामे यांचा एक संच), एकही संपू देऊ नये.

2011 साली ॲपलने ऑटोमॅटिक रेफरन्स काउंटिंग, म्हणजे एआरसी, आणले आणि ऑब्जेक्ट धरण्या-सोडण्याच्या सूचना (रिटेन-रिलीज) हाताने लिहिण्याची कटकट गेली. या बातमीचा मथळा तेवढा वाचावा. खाली उतरल्यास उगाच असे कळते, की कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत भाषांतर करणारा प्रोग्राम) केवळ मोजणीच्या सूचना जागोजागी घालून देतो आणि ऑब्जेक्टला धरणारे स्ट्राँग रेफरन्स (त्याला जिवंत ठेवणारे दुवे; वीक रेफरन्स जिवंत ठेवत नाहीत) शून्यावर आले तरच तो ऑब्जेक्ट मोकळा होतो. पंचवटीतल्या पडायला आलेल्या वाड्यात बाकी सारी बिऱ्हाडे निघून गेल्यावरही मालक भाडेकरूसाठी आणि भाडेकरू मालकासाठी अडून बसतो, तसे दोन ऑब्जेक्ट एकमेकांना स्ट्राँग धरून बसले, की एआरसी त्यांच्याकडे आदराने पाहते आणि पुढे जाते. अशी वर्तुळे (रिटेन सायकल) ओळखू शकणारा गार्बेज कलेक्टर (बिनकामाची मेमरी आपोआप मोकळी करणारी यंत्रणा) मॅकवर 2007 पासून काही वर्षे होता. आयफोनवर तो कधी आलाच नाही, हे आपले पूर्वसुकृत.

प्रॉपर्टीवर (ऑब्जेक्टने सांभाळलेल्या मूल्यावर) काहीही लिहिले नाही, तर एआरसीमध्ये ती आपोआप स्ट्राँग ठरते, त्यामुळे डेलिगेटच्या (ऑब्जेक्ट ज्याला आपल्या घडामोडी कळवतो, बहुधा त्याचाच मालक) बाबतीत आळसावर पूर्ण विश्वास ठेवावा. ब्लॉकमध्ये (नंतर चालवण्यासाठी ठेवलेल्या कोडच्या तुकड्यात) थोडे कौशल्य लागते. ब्लॉक स्वतःच्याच प्रॉपर्टीत साठवून त्यात सेल्फ (म्हणजे तो ऑब्जेक्ट स्वतः) वापरल्यास कंपायलर पुष्कळदा ताकीद देतो. परंतु चतुर माणूस सेल्फ लिहीतच नाही, तो अंडरस्कोरने सुरू होणारे इन्स्टन्स व्हेरिएबल (ऑब्जेक्टच्या आतले चल) थेट वापरतो. सेल्फ तेव्हाही पकडला जातोच, फक्त सहकाऱ्याच्या नजरेला तो पडत नाही.

खरी मेजवानी टायमरची आहे. तापमानाचा आकडा ताजा राहावा म्हणून स्क्रीन उघडताच पुन्हा पुन्हा वाजणारा एनएसटायमर लावावा आणि टार्गेट (वाजल्यावर ज्याला कळवायचे तो) म्हणून सेल्फ द्यावा. टायमर टार्गेटला स्ट्राँग धरतो, आणि रन लूप (ॲपमधल्या घटना हाताळत फिरणारे चक्र) टायमरला. मग सज्जनपणे टायमर बंद करण्याची ओळ डीॲलॉकमध्ये (ऑब्जेक्ट मोकळा होताना चालणाऱ्या कोडमध्ये) लिहावी. ती ओळ वाचून कोणालाही आपल्या जबाबदारपणाची खात्री पटते. मात्र टायमर बंद झाल्याखेरीज डीॲलॉक चालणार नाही आणि डीॲलॉक चालल्याखेरीज टायमर बंद होणार नाही, म्हणून ती कधीच चालत नाही. एखाद्याने शंका काढलीच, तर टायमरची प्रॉपर्टी वीक करून दाखवावी (रन लूपला त्याचे सोयरसुतक नसते), किंवा सेल्फऐवजी वीक-सेल्फ टार्गेट म्हणून द्यावा, कारण टायमर मिळालेल्या ऑब्जेक्टला पुन्हा स्ट्राँगच धरतो. स्क्रीन दिसेनाशी होतानाच टायमर बंद करण्याचा रूक्ष मार्ग सुचवणाऱ्यास चहाला घेऊन जावे.

इतके करूनही कोणी रिटेन सायकल शोधून काढलीच, तर दुसऱ्या टोकाला जावे आणि दिसेल ते वीक करावे. नुकताच तयार केलेला ऑब्जेक्ट थेट वीक व्हेरिएबलमध्ये ठेवला, की तो तिथेच नाहीसा होतो आणि हाती निल, म्हणजे काहीच नाही, उरते. निलला पाठवलेला संदेश ऑब्जेक्टिव्ह-सी मुकाट्याने गिळते, तेव्हा ॲप पडत नाही. फवारणीची नोंद जतन होत नाही, एवढेच. ब्लॉकच्या आत वीक रेफरन्स क्षणभर स्ट्राँग करून घेण्याची पद्धत टाळल्यास दोन ओळींच्या मध्येच ऑब्जेक्ट जाण्याचीही सोय होते. ज्यांना याहून थरार हवा, त्यांनी अनसेफ-अनरिटेन्ड वापरावे: ऑब्जेक्ट गेल्यावर वीकचे निल होते, याचे होत नाही, जुना पत्ता तसाच राहतो आणि तिथे राहायला आलेल्या भलत्याच ऑब्जेक्टला आपला संदेश मिळतो. असे ॲप टेस्टरच्या टेबलावर चालते आणि पिंपळगावच्या बागेत पडते, त्यामुळे दोष नेटवर्कला देता येतो.

एक्सकोडचा (ॲप लिहिण्याच्या ॲपलच्या साधनाचा) मेमरी ग्राफ उघडू नये. तिथे मिटलेल्या सगळ्या स्क्रीन नावानिशी रांगेत उभ्या असतात. मेमरी फारच वाढली, तर आयओएस स्वतःच ॲप बंद करते, ही साफसफाई फुकट आहे. आणि वरिष्ठांनी जाब विचारलाच, तर सारे ॲप स्विफ्टमध्ये नव्याने लिहावे लागेल असे गंभीरपणे सांगून मुदत मागून घ्यावी. स्विफ्टही तीच एआरसी वापरते आणि तिथेही काही न लिहिल्यास रेफरन्स स्ट्राँगच असतो, म्हणून नव्या भाषेत ही सारी वर्तुळे एकही न गमावता जशीच्या तशी नेता येतात.