पहिलं हसू, दुसरं हसू

सांगलीच्या आमच्या शाळेच्या ग्रुपवर एप्रिल २०२५ मध्ये जे पेटलं ते अजून धुमसतंच आहे. पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय आला, गदारोळ झाला, २९ जूनला सरकारनं माघार घेतली. ग्रुपनं मात्र घेतली नाही. एक बाजू म्हणते, सक्तीशिवाय भाषा टिकत नाही. पाट्या, बँका, शाळा, सगळीकडे मराठी झालीच पाहिजे. दुसरी म्हणते, पोरांना जगात जायचंय, त्यांच्या पाठीवर अस्मितेचं दप्तर कशाला? मग एखादा हळूच पिन टोचतो, “अमेरिकावाल्या बाई, तुम्ही बोला की!”

टोचण्यात अर्थ आहे. माझी मुलगी माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तर देते, हे तिथं सगळ्यांना ठाऊक आहे. सुट्टीत आलो होतो तेव्हा ऐकलंय त्यांनी. त्यामुळे ग्रुपवर मी अंगठ्याची इमोजी टाकून गप्प बसते. पण दोन संध्याकाळी माझ्या डोक्यातून जात नाहीत. दोन्ही २०२४ च्या उन्हाळ्यातल्या, दोन्ही सॅन होजेतल्या, एकाच कन्व्हेन्शन सेंटरच्या आवारातल्या.

पहिली मे महिन्याच्या शेवटची. मेमोरियल डेच्या सुट्टीला तिथं फॅनिमेकॉन भरतं. ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून, त्याच्या वेड्यांची जत्राच म्हणा. निळ्या-गुलाबी केसांची पोरं, पुठ्ठ्याच्या तलवारी, सरकत्या जिन्यावर अडकलेले पंख. लेक सोळाची, संध्याकाळी जपानी बँडचा कार्यक्रम, परतायला उशीर होणार, म्हणून सोबतीला मी. दीड तास रांगेत उभं राहून माझे पाय दुखायला लागले होते. (त्याआधी एका दुसऱ्या कन्व्हेन्शनला गायिकेचा व्हिसाच वेळेवर झाला नाही आणि कार्यक्रम ऐन वेळी रद्द झाला होता. परतीचा प्रवास मुलीनं खिडकीकडे तोंड करून केला. त्यामानानं रांग परवडली.)

रांगेतच माझी शिकवणी झाली. मुलीनं पिशवीतून दोन पेनलाइट काढले. बॅटरीवरची कांडी, बटण दाबलं की रंग बदलतो. कुठल्या गाण्याला कुठला रंग, ते ठरलेलं असतं. हात डोक्याच्या फार वर न्यायचा नाही, मागच्याला दिसत नाही. मोबाईल काढायचा नाही, चित्रीकरण तर अजिबात नाही. कडव्यांच्या मध्ये “हाय! हाय!” असं ओरडायचं, पण तालात. मी चुकीच्या ठिकाणी ओरडेन अशी तिला धास्ती. पुढं उभ्या असलेल्या, रोबोच्या वेशातल्या एका दाढीवाल्या मुलानं हे ऐकलं आणि स्वतःचं पुठ्ठ्याचं कोपर सावरत मला बोटांवर मात्रा मोजून दाखवल्या. सात मोजायच्या, आठव्यावर ओरडायचं. आमच्या आजोबांनी मांडीवर ताल धरायला असंच शिकवलं होतं.

हे रंगाचं वेड तिला हात्सुने मिकूमुळे लागलं. मिकू म्हणजे बाई नव्हे. साप्पोरोच्या क्रिप्टन कंपनीनं ३१ ऑगस्ट २००७ ला बाजारात आणलेलं गाण्याचं सॉफ्टवेअर आणि त्याच्या खोक्यावरचं चित्र. लोकांनी त्या आवाजात स्वतःची गाणी रचली आणि पोरगी जगभर पोहोचली. अमेरिकेतला तिचा पहिला कार्यक्रम २ जुलै २०११ ला लॉस एंजेलिसमध्ये झाला, तोही ॲनिमे एक्स्पो या कन्व्हेन्शनच्या निमित्तानं. पारदर्शक पडद्यावर प्रकाशातून उभी केलेली आकृती, मागं खरे वादक, समोर हिरवट-निळ्या दिव्यांचा समुद्र. २०२४ च्या वसंतातल्या दौऱ्यात तो पारदर्शक पडदा जाऊन साधा एलईडी पडदा आला, तर चाहते असे खवळले की विचारू नका. आमच्या घरात तो आठवडाभर राष्ट्रीय प्रश्न होता. नवरा म्हणाला, “नसलेल्या बाईच्या पडद्यावरून भांडतात!” मी म्हटलं, संगीत नाटकात ऑर्गनच्या जागी कीबोर्ड ठेवला म्हणून मध्यंतरातून उठून गेलेले सांगलीकर मी पाहिलेत. रसिक असाच असतो.

तर कार्यक्रम सुरू झाला. एकही गाणं इंग्रजीत नव्हतं. कुणी मागितलंही नाही. माझ्या आजूबाजूला व्हिएतनामी, मेक्सिकन, गोरी, काळी, देशी पोरं होती, आणि ती सगळी जपानीत गात होती. उच्चार कसे होते देव जाणे, पण शब्द पाठ होते.

दोन गाण्यांच्या मध्ये गिटारवाला बोलायला लागला. शेजारी दुभाषी बाई उभ्या. तो बोलून थांबला, बाईंनी तोंड उघडायच्या आत अर्धं सभागृह हसलं. मग बाई इंग्रजीत म्हणाल्या, “तो म्हणतोय, त्याला भूक लागली आहे,” आणि उरलेलं अर्धं सभागृह हसलं, जरा सौजन्यानं, जरा पाठीमागून. मी दुसऱ्या हसण्यात होते. माझी मुलगी पहिल्या.

तिला विचारलं, एवढं काय होतं त्यात? ती म्हणाली, काय म्हणाला ते सोड, कसं म्हणाला ते. इतका वेळ कार्यक्रमी, नीटनेटकं जपानी बोलणारा माणूस एकदम ओसाकाकडच्या बोलीत घसरला होता. म्हणजे निवेदकानं शुद्ध पुणेरीत सुरुवात करून मध्येच “लई भूक लागलीया राव” म्हणावं तसं. मला कळलं. थोडा मत्सरही वाटला, खोटं कशाला बोलू.

महिनाभरानं, २७ ते ३० जून, त्याच कन्व्हेन्शन सेंटरमध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाचं, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या शिखर संस्थेचं, अधिवेशन होतं. १९८४ साली शिकागोत पहिलं झालं, तेव्हापासून साधारण दर दोन वर्षांनी भरतं. त्याच सरकत्या जिन्यांवर आता नऊवारी आणि फेटे. मी स्वयंसेवक, गळ्यात बिल्ला, जेवणाच्या रांगेवर ड्यूटी. स्वयंसेवकांचे हाल दोन्हीकडे सारखेच: पगार शून्य, शिव्या भरपूर, आणि सभागृहातून टाळ्या ऐकू आल्या की आपण दाराबाहेर. आपल्या कलावंतांच्या व्हिसाचीही तीच धाकधूक. मला खरंच वाटतं की या दोन जत्रांच्या आयोजकांनी एकदा एकत्र चहा घ्यावा.

संध्याकाळी सुटले आणि मुलीला ओढून नाटकाला बसवलं. एक प्रसंग होता. सासूशी कडाडून भांडून सून बॅग घेऊन घर सोडून निघालेली. दारात वळून म्हणते, “मी जाते!” आतून सासू ओरडते, “जाते काय म्हणतेस अवलक्षणी, येते म्हण!” आणि सून, डोळ्यांत पाणी, हातात बॅग, सवयीनं म्हणून जाते, “येते.”

सभागृह कोसळलं. माझ्या शेजारच्या काकू डोळे पुसत होत्या. मुलीनं कोपरानं ढोसलं, “काय म्हणाली?”

“येते म्हणाली.”

“पण ती तर चाललीये.”

“हो.”

पुढचा संवाद सुरू झाला. आमच्या रांगेत चार-पाच मुलं होती. ती सगळी आपापल्या आईकडे बघत होती. तिथं दुभाषी नव्हते, त्यामुळे दुसरं हसू उमटलंच नाही.

ग्रुपवरच्या भांडणात मी नसते ती यामुळे. सक्तीवाल्यांना मी काय सांगू? माझी मुलगी जपानी शिकली ती मुळात सक्तीमुळेच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पदवी प्रवेशासाठी शाळेत किमान दोन वर्षं इंग्रजीव्यतिरिक्त भाषा लागते. तिच्या शाळेत स्पॅनिश होती, मँडरिन होती, जपानी होती. भाषा घ्यावीच लागणार होती, कुठली ते तिनं ठरवलं, आणि ठरवलं ते गाण्यांमुळे. मग हिरागाना, काताकाना, कांजी या जपानी लिप्या, रात्री अकरापर्यंत वह्या गिरवणं. तिसरं वर्ष कुणी मागितलं नव्हतं, ते तिनं आपणहून घेतलं. मोकळीकवाल्यांना हे आवडणार नाही, कारण सुरुवात सक्तीची होती. सक्तीवाल्यांनाही आवडणार नाही, कारण सक्ती कोणत्या भाषेची ते सांगणारी नव्हती.

आणि मराठीच्या बाबतीत मी सगळं रीतसर केलं होतं. दर रविवारी मराठी शाळा. भारती विद्यापीठाच्या परीक्षांचा अभ्यासक्रम, भाड्याच्या वर्गात आळीपाळीनं शिकवणाऱ्या आया, त्यातली एक मी. दहा वर्षांची असताना तिनं सोडली. वर्गात आम्ही ‘माझी आई’ आणि ‘दिवाळी’ लिहून घेत होतो. मराठी येत असल्यामुळे आज संध्याकाळी तुला काय करता येईल, याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. आजीशी बोलता येईल, हे उत्तर खरं आहे. पण आजीही कौतुकानं तिच्याशी इंग्रजी बोलायची.

जपानी सरकारनं हे घडवलं असतं तर गोष्ट सोपी होती. ‘कूल जपान’ नावाचा फंड त्यांनी २०१३ मध्ये काढला, सरकारी पैसा ओतला, त्यात तोटाच साचत गेला. त्याच्या कितीतरी आधी अमेरिकेतली पोरं ॲनिमेच्या व्हीएचएस टेपांवर स्वतः इंग्रजी अक्षरं चढवून त्या एकमेकांना पोस्टानं पाठवत होती. १९९४ मध्ये सुरू झालेलं ओटाकॉन हे ॲनिमे कन्व्हेन्शन आजही बिनपगारी स्वयंसेवकच चालवतात, आणि त्यांनीच २००४ मध्ये लार्क आँ सिएल हा जपानातला भलामोठा बँड बाल्टिमोरच्या बंदिस्त अरीनात आणला. अमेरिकेतला त्यांचा तो पहिला कार्यक्रम, बारा हजारांच्या घरात माणसं. कुणी त्या मुलांना वारसा जपा म्हणून सांगितलं नव्हतं. तो त्यांचा वारसा नव्हताच.

लगेच कुणी म्हणेल, त्यांच्यामागं एवढा मोठा उद्योग आहे, मराठीमागं काय आहे? मान्य. शब्द पाठ असणं म्हणजे भाषा येणं नव्हे, हेही मान्य. त्या सभागृहातल्या निम्म्यांना आपण काय गातोय ते कळत नव्हतं, म्हणूनच तर ते माझ्याबरोबर दुसऱ्यांदा हसले. आणि महाराष्ट्रातल्या शाळेत कोणती भाषा किती असावी, हे मी सॅन होजेतून सांगणं म्हणजे विमानातून शेतकऱ्याला पेरणी शिकवणं. राज्यात राज्याची भाषा चालली पाहिजे असं मलाही वाटतं. बँकेत मराठीत बोलणाऱ्याला हिणवलं जात असेल तर तिथं पेनलाइट कामाचा नाही, नियमच लागतो.

मला खटकतं ते वेगळंच. त्या रांगेत पाच मिनिटांत मला काम मिळालं. पन्नाशीची बाई, जपानीचा गंध नाही, तरी आठव्या मात्रेवर माझी गरज होती. मी चुकले असते तर चार जणांना कळलं असतं. आपल्या कार्यक्रमात लहानांना, नवख्यांना काय काम असतं? गप्प बस, मोबाईल बंद कर, आणि आमचं केवढं थोर आहे ते बघ. त्यातला मोबाईलसुद्धा मोठ्यांकडून बंद होत नाही. २०१९ मध्ये सुबोध भावेंनी वैतागून, हे असंच चाललं तर नाटकात काम करणार नाही, असं जाहीरपणे सांगितलं होतं, ते वाजणाऱ्या मोबाईलमुळेच. तिकडे ती सोळा-सतरा वर्षांची पोरं दोन तास खिशात हात घालत नव्हती, कारण दोन्ही हातांत दिवे होते.

आपल्याकडे हे नव्हतं असं नाही. आजोबा सांगायचे, संगीत नाटकात एकेका पदाला किती ‘वन्स मोअर’ मिळायचे आणि पहाट कशी व्हायची. पिटातला प्रेक्षक ठरवायचा पद पुन्हा व्हायचं की पुढं जायचं. इंग्रजी न येणारी माणसं इंग्रजीत ओरडत होती आणि तो शब्द मराठी होऊन गेला. जपानी पोरं शेवटी “आंकोरु” ओरडतात, तो मूळचा फ्रेंच. आणि त्याच्या जोडीला “मो इक्काई!” म्हणजे आणखी एकदा. मे महिन्यात मी ते ओरडले, घसा बसेपर्यंत. सांगलीच्या नाट्यगृहात मी शेवटचं ‘वन्स मोअर’ कधी ओरडले, आठवत नाही. बहुधा कधीच नाही. माझ्या वाट्याला टाळ्याच आल्या.

अधिवेशन संपल्यावर, रात्री गाडीत, मी तिला ‘येते’ समजावत होते. निघताना ‘जाते’ म्हणणं अशुभ, जाणारा परत यायला हवा, म्हणून दारात आपण ‘येते’ म्हणतो. सून कायमची चाललीय, पण जीभ ऐकत नाही. विनोद समजावून सांगितला की मरतो, तसा तो मरत चालला होता. ती खिडकीबाहेर बघत होती. मी नाद सोडला.

मिल्पिटसच्या फाट्याशी ती एकदम वळली. “थांब, म्हणजे इत्तेकिमास?”

“म्हणजे?”

“जपानमध्ये घरातून निघताना म्हणतात. इत्ते म्हणजे जाऊन, किमास म्हणजे येते. जाऊन येते. आणि ती बाई घर सोडताना ते... ओ माय गॉड!” आणि मग ती हसली, दोन तास उशिरा, एकटीच, सीटबेल्ट धरून.

हा किस्सा मी अखेर ग्रुपवर टाकला, भांडण ऐन भरात असताना. दोन मिनिटं कुणी काही लिहिलं नाही. मग मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं, “म्हणजे पहिलीपासून जपानी करायची का आता?”