ईमॅक्समध्ये मेल म्हणजे डोक्याला ताप? थांबा जरा राव

एक मेसेज फिरायलाय सगळ्या ग्रुपवर, मला तर चौघांनी पाठवला कारण हा गडी मेलसुद्धा ईमॅक्स या मजकूर लिहायच्या एडिटरमध्ये वाचतो हे त्यांना माहितीय. त्यात म्हणणं असं की ईमॅक्समध्ये मेल लावायला आठवडा जातो, जीमेल त्यात आता चालतच नाही, पासवर्ड उघडा पडतो, मराठी तुटते, आणि नेट लागतंच तर मग ब्राऊझर काय वाईट?

आधी आठवड्याचं. मला पहिल्यांदा दोन रविवार लागले हे खरंय, पण ते ईमॅक्समुळं नाही, तर मेल आणणं, मेल शोधणं आणि मेल पाठवणं ही तीन वेगळी कामं आहेत हे कुणी सांगितलंच नव्हतं म्हणून. आणतो एमबीसिंक नावाचा प्रोग्रॅम, सर्व्हरवरची मेल तुमच्या डिस्कवर मेलडिर नावाच्या साध्या फोल्डरांत उतरवतो, एक मेल म्हणजे एक फाईल. शोधायचं काम म्यू किंवा नॉटमच या प्रोग्रॅमचं, दोघंही आतून झेपियन नावाची शोधायची लायब्ररी वापरतात. पाठवायला ईमॅक्सचंच एसएमटीपीमेल आहे. ईमॅक्स फक्त वाचायची अन् लिहायची खिडकी. आणि माझा अर्धा रविवार नावांनी खाल्ला, उबुंटू लिनक्सवर एमबीसिंक हवं तर पॅकेज आयसिंक नावाचं टाकावं लागतं, म्यू हवं तर मेलडिर-युटिल्स, आणि म्यूफोरई (म्यूची ईमॅक्समधली मेल वाचायची खिडकी) मेल्पावर, म्हणजे ईमॅक्सच्या पॅकेजांच्या ऑनलाईन साठ्यावर, शोधत बसलो तर ते तिथं नसतंच, ते म्यूसोबतच बनतं आणि दोघांचं व्हर्जन जुळावं लागतं. एवढं आधी कळलं तर एका संध्याकाळचं काम आहे. फक्त पहिल्याच दिवशी सगळे फोल्डर ओढू नका, इनबॉक्स अन् सेंट घ्या, कारण जीमेलचं 'ऑल मेल' पण घेतलं की तीच मेल डिस्कवर दोनदा येते.

क्लायंट (मेल वाचायचा प्रोग्रॅम) कोणता, यावर मेसेजवाल्यानं एकच टोमणा मारलाय, 'ग्नूस लावून बघा, वाचलेली मेल गायब होते'. होते, पण डिलीट होत नाही! ग्नूस हा ईमॅक्सचाच क्लायंट, मुळात न्यूजग्रुप (नेटवरचे जुने चर्चा-गट) वाचायला बनला, तिथं वाचलेलं परत दाखवायची गरजच नव्हती, म्हणून वाचलेलं यादीतून लपतं. ते पटत नसेल तर ग्नूस घेऊ नका, एवढंच. फोल्डरची सवय असेल तर म्यूफोरई, हजारो मेलींवर नुसते टॅग लावून शोधत राहायचं असेल तर नॉटमच, जो स्वतःहून मेल हलवत नाही की उडवत नाही. मी म्यूफोरईवर आहे. त्यात डी दाबला तरी लगेच काही जात नाही, खूण फक्त लागते, एक्स दाबल्यावरच काम होतं. माझ्यासारख्या घाईच्या माणसाला हे लई कामाचं.

जीमेल चालत नाही हे अर्धवट ऐकलेलं. गूगलनं 30 मे 2022 पासून वैयक्तिक खात्यांना बाहेरच्या ॲपमध्ये नुसता नेहमीचा पासवर्ड टाकून शिरणं बंद केलं, तेवढंच. टू-स्टेप (दोन टप्प्यांचं लॉगिन) चालू करा, 16 अक्षरांचा ॲप पासवर्ड (ॲपपुरता वेगळा पासवर्ड) काढा, आयमॅपला (मेल आणायच्या जोडणीला) पोर्ट 993, झालं. आणि पासवर्ड उघडा पडतो तो तुम्ही ऑथइन्फो ही पासवर्ड ठेवायची फाईल साधी ठेवली तर, जीपीजी या कुलूप लावणाऱ्या टूलनं बंद केली की ईमॅक्स स्वतः उघडून वाचतो. लॅपटॉप हरवलाच तर तेवढा एक ॲप पासवर्ड रद्द करायचा, मुख्य पासवर्डला हात लावायची गरज नाही.

मराठी तुटते? टर्मिनलमध्ये (नुसत्या कमांडच्या काळ्या पडद्यावर) तुटते, मान्य. खिडकीवाला ईमॅक्स घ्या, 27 किंवा पुढचा (2020 साली आला), त्यात अक्षरं जोडायला हार्फबझ आहे, जोडाक्षरं नीट दिसतात. टाईप करायला कंट्रोल अन् बॅकस्लॅश, मग देवनागरी-इनस्क्रिप्ट. मी मामाला मेल असंच लिहितो.

आता नेटचं, ज्याच्यावर हा मेसेज सगळ्यात जास्त फुशारतो. भाऊ, आमच्या परभणीत ये एकदा मे महिन्यात. दुपारी लाईट गेली की राऊटर गेला, मोबाईलला एक काडी रेंज, ब्राऊझरमधली मेल नुसती गोल गोल फिरती. माझी मेल मात्र डिस्कवर असती. दोन वर्षांपूर्वीचं कोटेशन शोधायचं तर शोधतो, उत्तर लिहितो, म्यूफोरईच्या पहिल्या पानावर एम दाबून पाठवणं रांगेवर टाकतो (रांगेचा फोल्डर एकदा बनवून ठेवावा लागतो), लाईट आली की एफ दाबला, सगळं गेलं. आई विचारती, नेट नाही ना, मग काय टाईप करायलास? 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणारे आम्ही, पण लाईटच्या बाबतीत गपच बसतो.

एक गोष्ट त्या मेसेजमध्ये नव्हतीच, खरं तर तीच असायला पाहिजे होती. ऑफिसचं मायक्रोसॉफ्टवालं खातं. तिकडं ऑक्टोबर 2022 पासून साधा पासवर्ड बंद करत आणला, ओऑथ (पासवर्डऐवजी परवानगीचं टोकन) लागतं, आणि ऑफिसच्या ॲडमिननं परवानगी दिली नाही तर तुमचं एमबीसिंक कितीही चांगलं असू द्या, दारातच उभं राहतं. माझ्या ऑफिसात दिली नाही. ती मेल मी ब्राऊझरमध्येच बघतो, लाईट असली तर.