पान-पान चित्रित केलं म्हणजे सिनेमा होत नाही

पणजीत इफ्फीचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचे, दिवस जवळ आले की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर पुन्हा फिरू लागतो: “जुन्या विज्ञान कादंबरीत सगळं तयार असतं. व्हीएफएक्समुळे (संगणकावरच्या दृश्य करामतींमुळे) आता काहीही दाखवता येतं. दिग्दर्शक बदल करतात, म्हणून सिनेमा फसतो.” वाचताना पटतं, पण यातलं एकही वाक्य कॅमेऱ्यापुढे टिकत नाही.

‘सगळं तयार असतं’? पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, हा या धंद्यातला ठोकताळा. दोन तासांची १२० पानं, तीही मोकळ्या मांडणीची. शब्द भरतात जेमतेम वीस-पंचवीस हजार. फ्रँक हर्बर्ट यांच्या १९६५ च्या ‘ड्यून’ या कादंबरीत दीड लाखाहून जास्त शब्द आहेत, आणि त्यातलं बरंचसं पात्रांच्या मनात घडतं. दिग्दर्शक डेव्हिड लिंच यांनी १९८४ च्या सिनेमात ते विचार कुजबुजत्या आवाजात ऐकवले: ओठ मिटलेले, आवाज चालू, आणि प्रसंग जागीच थांबलेला. २०२१ च्या सिनेमात दनी विलनव्ह यांनी ते टाळून आई-मुलाच्या हातांच्या खुणांवर भर दिला. शत्रूच्या देखत दोघं बोलतात आणि ताण वाढतो.

‘काहीही दाखवता येतं’ हे वाक्य गोव्यात डिचोलीकडच्या एखाद्या बंद खाणीत उभं राहून तपासावं. तांबडी माती, पायऱ्यांसारखे कापलेले उतार. मंगळ म्हणून जागा उत्तम. पण काठावरून झाडं डोकावतात आणि तळाला पावसाचं पाणी असतं. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे दहा सेकंदांच्या शॉटला २४०. कॅमेरा स्टँडवर स्थिर असेल तर झाडं पुसलेलं एकच चित्र सगळ्या फ्रेमना चालतं. कॅमेरा हातात असेल आणि नटीचे उडते केस त्याच झाडांवरून जात असतील, तर केसांची कड फ्रेमगणिक कापत बसावं लागतं. त्यापेक्षा कॅमेरा थोडा वर नेऊन खाली झुकवणं कितीतरी स्वस्त.

अंतराळवीराचं हेल्मेट तर त्याहून छळतं. काचेत दिवे आणि माणसं दिसतात. आपल्या दमट हवेत नटाच्या श्वासाने ती धुरकटते. आत पंखा बसवला की त्याची घरघर संवादात उतरते आणि डबिंग करावं लागतं. म्हणून पुष्कळदा काच काढूनच चित्रीकरण करतात आणि ती नंतर संगणकावर बसवतात. पण त्यासाठी शॉट संपताक्षणी, उजेड बदलायच्या आत, नटाच्या जागेवरून चहूबाजूंचे फोटो घ्यावे लागतात. ते राहिले तर काचेत खरं प्रतिबिंब येत नाही आणि ती चिकटवल्यासारखी दिसते. हा हिशेब पटकथा लिहितानाच व्हायला हवा.

उरला बदलांचा आरोप. ‘२००१: अ स्पेस ओडिसी’च्या कादंबरीत यान शनीकडे जातं, सिनेमात गुरूकडे. १९६८ च्या तंत्रात शनीची कडी पटण्यासारखी जमेनात. कादंबरीकार आर्थर क्लार्क यांनी १९८२ च्या पुढच्या कादंबरीत गुरूच कायम ठेवला. ‘ड्यून’ कादंबरीत काही वर्षं उलटतात आणि नायकाची चिमुरडी बहीण मोठ्यांसारखी बोलत शत्रूला मारते. वाचताना अंगावर काटा येतो. पडद्यावर त्या वयाच्या मुलीकडून ते वठवून घेणं फार अवघड. विलनव्ह यांच्या २०२४ च्या दुसऱ्या भागात काळ आवळला आणि बहीण आईच्या पोटातच ठेवली. ती तिथूनच आईशी बोलते, त्यामुळे तिच्या अकाली शहाणपणाची भीती शाबूत राहिली.

बदल फसतो तो कथेतला विज्ञानाचा नियम मोडला की. हर्बर्ट यांच्या वाळवंटात प्रचंड अळ्या राहतात, त्यांच्यामुळेच एक मौल्यवान मसाला तयार होतो, आणि पाणी हे त्यांना विष आहे. १९८४ च्या सिनेमाचा शेवट आनंदात होतो, सगळीकडे धो-धो पाऊस पडतो. त्या पावसात अळ्या मरतील, मग मसाला कुठून येणार? ज्याच्यासाठी एवढं युद्ध झालं, तेच शेवटच्या दृश्याने वाहून नेलं.