पाहुणे मध्य आशियाचे, पंगत पारव्यांची

नाशकात थंडी पडली की दोन बातम्या हमखास येतात : निफाडचा पारा घसरला आणि नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीवर पाहुणे पक्षी आले. पहिली वाचून आई कानटोपी काढून देते, दुसरी वाचून मी ती घालून पहाटे घराबाहेर पडतो. एरवी मला दूध आणायला सात वाजता उठवावं लागतं, हे आई या काळात रोज ऐकवते.

यंदा ठरवलं, थोडे पाहुणे घरीच बोलवावेत. परसातल्या पेरूला बर्ड फीडर टांगला. बाजरी, तांदळाच्या कण्या, असा बेत. पहिल्याच सकाळी एक पारवा आला, जागा पाहून गेला आणि दुपारी सगळा कुटुंबकबिला घेऊन हजर झाला. तेव्हापासून ते आमच्याकडेच आहेत. जेवण पेरूवर आणि बाकीचे विधी दोरीवर वाळणाऱ्या चादरींवर.

"वाण्याला सांग, पारव्यांच्या नावानं वेगळं खातं उघड," आई म्हणाली.

ज्याच्यासाठी हा खटाटोप केला, तो थिरथिराही आला बरं का! हिमालयाकडून आलेला, पोट आणि शेपूट विटकरी, बाकी काळा. कुंपणाच्या भिंतीवर बसला, शेपूट थरथरवली, फीडरकडे एकदा बघितलं आणि नाल्यावरचे किडे खायला निघून गेला. हिवाळी पाहुण्यांत बरेचसे किडेखाऊ, बदकं पाण्यातली. बाजरी खातो कोण, तर बारमाही इथेच राहणारे. मग फोडी करून पपई ठेवली. ती बुलबुलांनी आणि खारीने संपवली. बुलबुल निदान खाताना इकडे तिकडे बघतात. खारीला तेवढीही लाज नाही.

राहिलं नांदूरमध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ बंधारा बांधला, पाणी साठलं, गाळ साठला आणि पाखरांना जागा आवडली. २०२० साली ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. जगाने दखल घेतली, पण मला अजून डावीकडून तिसरं बदक दिसलेलं नाही. पक्षी बघायच्या मनोऱ्यावर कुणीतरी जाणकार ओरडतो, "तो बघा, त्या बाभळीच्या मागे!" समोर नजर जाईल तिथवर बाभळीच. "मिळाला?" "हो हो, वा!" असं म्हणायचं आणि दुर्बिणीतून शांतपणे एक बाभूळ बघत राहायचं. सगळेच असं करत असावेत, अशी मला दाट शंका आहे.

त्यात बदकांच्या माद्या. तलवार बदकाची तपकिरी, गडवालची तपकिरी, थापट्याचीही तपकिरी. थापट्याची चोच गवंड्याच्या थापीसारखी रुंद, ती दिसली की चुकायचं कारण नाही, असं पुस्तक सांगतं. पण त्या चोचीचं सगळं काम पाण्यात. ती वर काढेपर्यंत माझी मान आखडते आणि मिसळीची वेळ होते. त्यामुळे मी वारकऱ्यांवर समाधान मानतो. काळा पक्षी, कपाळावर पांढरा टिळा, हजारोंनी असतात आणि कुणाला विचारावं लागत नाही.

परवा पिंपळगावहून मामांचा फोन. "पाखरं बघायची ना तुला? ये मळ्यात. भोरड्या उतरल्यात."

मी उडालोच. भोरड्या म्हणजे गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या मैना. थेट मध्य आशियातून येतात आणि थवा वळला की आभाळच वळल्यासारखं वाटतं. दुर्बीण, कॅमेरा, वही, सगळं घेऊन निघालो. बघतो तर काय, खरंच शेकडो! बाभळीमागे वगैरे नव्हेत, समोर, उन्हात, द्राक्षांच्या घडांवर. मामांनी जाळी लावली होती, पण ती अर्ध्या बागेलाच पुरली होती. मी दुर्बीण डोळ्याला लावली आणि तेवढ्यात मामांनी हातात तेलाचा रिकामा डबा आणि एक दांडकं दिलं.

"मामा, एक मिनिट, फोटो..."

"फोटो नंतर. बघतो काय नुसता? वाजव!"